छोटा, शांत घरचा कॉम्प्युटर: आधी वॅट, मग डबा, मग जोडणी

गेल्या वर्षभरात गोव्यातल्याच नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच छोट्या मशिनी माझ्याकडे आल्या, कुणाची म्हापशाहून, कुणाची डिचोलीहून, एक तर थेट काणकोणहून, आणि तक्रार सगळ्यांची एकच, "आवाज फार करतो". उघडून बघितलं की चूकही जवळपास तीच. आधी दिसायला छान असा इवलासा कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा डबा, घेतलेला, मग त्यात बसेल तो प्रोसेसर (मुख्य चिप), मग हाताला लागला तो मोठ्या वॅटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा भाग), आणि शेवटी आवाज येतो म्हणून महागडे पंखे बदललेले. हा क्रम उलटा आहे. पंखा ओरडतो कारण त्याला उष्णता बाहेर ढकलायची असते, म्हणजे उष्णता किती होणार हे पहिल्यांदा ठरवायचं आणि कॅबिनेट निवडायचा सगळ्यात शेवटी. खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने करा, मधली पायरी सोडू नका.

१. काम आणि जागा कागदावर लिहा

कुठलाही भाग ऑर्डर करण्याआधी एका कागदावर लिहा की हे मशीन रोज काय करणार. टॅली, ब्राउझर, मुलांचे ऑनलाइन क्लास, टीव्हीवर सिनेमे, अधूनमधून फोटो एडिटिंग, एवढंच असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग) लागत नाही, आणि कार्ड नसेल तर अर्धी लढाई तिथेच जिंकलात कारण छोट्या डब्यात सगळ्यात जास्त गरम आणि सगळ्यात जास्त आवाज करणारी वस्तू तीच असते. मोठे गेम खेळायचेत तर हा लेख तुमच्यासाठी नाही, त्याचा हिशोब पूर्ण वेगळा आहे.

मग टेप घेऊन जागा मोजा. टीव्हीखालच्या कपाटात ठेवणार असाल तर कपाटाला दार आहे का, मागे भोक आहे का ते बघा, मागे आणि बाजूला निदान १० सेंमी मोकळं हवंच. आपल्याकडच्या जुन्या चिऱ्याच्या भिंती पावसात ओल धरतात, म्हणून भिंतीला टेकवून ठेवायचं नाही, आणि जमिनीवर तर अजिबात नाही.

तपासा: मे महिन्यात दुपारी तीन वाजता त्या खोलीत किती तापमान असतं? एसी नसलेल्या घरात ३३-३४ अंश सहज होतं. प्रोसेसरवर बसवायचा कूलर खोलीच्या तापमानापेक्षा खाली काही नेऊ शकत नाही, त्यामुळे एसी दुकानात २४ अंशांवर ७० दाखवणारा प्रोसेसर तुमच्या वसरीत ८० च्या आसपास जाणार. यूट्यूबवरचे थंड देशातले आकडे बघून कूलर निवडला की इथेच फसायला होतं.

२. प्रोसेसर निवडा आणि वॅटची बेरीज करा

घरच्या कामाला आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या. एएमडीचा रायझन ५ ५६०० जी किंवा नवा ८६०० जी, इंटेलचा आय३-१२१०० किंवा आय५-१२४००, यातला कुठलाही चालतो. इंटेल घेताना नावाच्या शेवटी एफ अक्षर नको, एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स नाही, आणि स्वस्त मिळतोय म्हणून तो घेऊन आलेले लोक काळी स्क्रीन बघत बसलेले मी पाहिलेत.

आता मुख्य गोष्ट. खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं ती कमाल मर्यादा नव्हे. ५६०० जी आणि ८६०० जी दोन्ही कंपनीच्याच सेटिंगवर ८८ वॅटपर्यंत जातात, आय५-१२४०० तर ११७ पर्यंत. बेरीज करताना हा मोठा आकडा धरायचा. ५६०० जी धरला तर प्रोसेसर ८८, मदरबोर्ड (सगळे भाग जोडायची पाटी) साधारण २०, रॅम ६, एनव्हीएमई एसएसडी (डेटा साठवायची जलद चिप) ७, पंखे ५, आणि मोठी हार्डडिस्क लावणार असाल तर ८, झाले १३४. हार्डडिस्क फिरायला लागताना क्षणभर २० वॅटच्या वरही ओढते म्हणून १५० धरा. म्हणजे अगदी जास्तीत जास्त ओढलं तरी १५० वॅट, आणि नुसतं ब्राउझर उघडं असताना भिंतीतून २५-३० वॅट. हा कागद जपून ठेवा, एसएमपीएस, यूपीएस, कूलर तिन्ही यावरून ठरणार आहेत.

सावधान: ८६०० जी फक्त डीडीआर५ रॅमवर चालतो, ५६०० जी फक्त डीडीआर४ वर. जुनी रॅम वापरू म्हणून मिसळायला जाऊ नका, खाचच वेगळी असते. आणि ८६०० जी हा त्याला चालणारे बी६५० मदरबोर्ड बाजारात आल्यानंतर निघालेला प्रोसेसर आहे, म्हणजे दुकानात पडून असलेला जुना बोर्ड बायोस (बोर्डातला मशीन सुरू करणारा प्रोग्राम) अपडेट केल्याशिवाय त्याला ओळखणार नाही. दुकानदाराला अपडेट करूनच द्यायला सांगा, किंवा प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस टाकायचं बटण मागे असलेला बोर्ड घ्या.

३. एसएमपीएस, यूपीएस आणि अर्थिंग

१५० वॅटच्या मशीनला ६५० किंवा ७५० वॅटचा एसएमपीएस लावला तर बिघडत काही नाही, पण फायदाही नाही, कारण क्षमतेच्या दहा टक्क्यांखाली चालताना एसएमपीएसची कार्यक्षमता पडते आणि आपलं मशीन दिवसभर तिथेच बसणार. ३०० ते ४५० च्या मधला, ८० प्लस गोल्डचा (हा कार्यक्षमतेचा शिक्का), आणि कमी लोडवर पंखा पूर्ण बंद ठेवणारा बघा. छोट्या कॅबिनेटला एसएफएक्स आकाराचा लागतो, १२५ मिमी रुंद, १०० लांब, ६३.५ उंच. नेहमीचा मोठा एटीएक्स त्यात बसत नाही, आणि काही छोट्या कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस तर चिमुकल्या पंख्यामुळे सगळ्यात जास्त किरकिर करतो, तो काढून बाजूला ठेवा.

सावधान, आणि हे दोनदा वाचा: वायरी सुट्या निघणाऱ्या एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्या एसएमपीएसला लावायच्या नाहीत, त्याच कंपनीच्या असल्या तरी नाहीत. डिस्ककडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं पण एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम कंपनी आपल्या मर्जीने ठेवते. मी स्वतः एका रात्री घाईत जुन्या डब्यातली साटाची (डिस्कला वीज देणारी) वायर नव्या एसएमपीएसला लावली, अगदी सहज बसली, बटण दाबलं, एक बारीक टिक असा आवाज आला आणि जळक्या रबरासारखा वास. हार्डडिस्कच्या खालच्या बोर्डावर तांदळाच्या दाण्याएवढा काळा डाग. २ टीबीची डिस्क, आईच्या साठीचे सगळे फोटो तिच्यात. बॅकअप अर्धाच होता. तेव्हापासून प्रत्येक एसएमपीएसच्या वायरी त्याच्याच खोक्यात, खोक्यावर मार्करने नाव.

यूपीएस घ्यायचाच. आपल्याकडे मे अखेरीस आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की लाईट पाच मिनिटांत चारदा जाते-येते, आणि लाईट तुटल्यावर एसएमपीएस जेमतेम १५ मिलिसेकंदांच्या आसपास तग धरतो. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको म्हणणारे इथेच चुकतात, इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर त्याला बदलायला याहून जास्त वेळ लागतो आणि मशीन बंद पडतं. ६०० व्हीएचा यूपीएस बहुतेक वेळा ३६० वॅटचा असतो, खोक्यावर व्हीए न बघता वॅट बघा, आपले १५० आणि मॉनिटरचे ३० त्यात आरामात बसतात. सगळं आणल्यावर एक चाचणी करा: मशीन चालू, काही सेव्ह करायचं बाकी नाही, आणि भिंतीवरचं बटण बंद करा. काही चांगले एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरीवर बंद पडतात, तसं झालं तर साइन वेव्हचा, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखी गोलसर लहर देणारा, यूपीएस लागेल. हे परत करायची मुदत असतानाच कळलेलं बरं.

अर्थिंगही तपासून घ्या. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटरने त्याच सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा, २-३ व्होल्टच्या आत हवा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर कॉम्प्युटर खराब नाही, अर्थिंग नाही. जुन्या घरात तीन पिनांचं सॉकेट असतं आणि मागे तिसरी वायरच नसते, हे मी एकाहून अधिक घरांत बघितलंय.

४. कूलर, मग कॅबिनेट

छोट्या मशीनचा मदरबोर्ड, त्याला मिनी-आयटीएक्स म्हणतात, १७ सेंमी बाय १७ सेंमी. सगळ्या छोट्या डब्यांचा आकार यावरच ठरतो. पण डबा निवडताना लोक लांबी-रुंदी बघतात आणि कूलरची उंची विसरतात. कॅबिनेटच्या माहितीत कूलरला किती मिमी उंची मिळते ते लिहिलेलं असतं, आधी तेच वाचा. नॉक्टुआचा एनएच-एल९ए ३७ मिमी, थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७ त्याच्या नावाप्रमाणे ४७ मिमी. माझं मत स्पष्ट आहे, एसी नसलेल्या गोव्यातल्या खोलीसाठी ३७ मिमीच्या कूलरवर ८८ वॅट टाकू नका. ६५-७० मिमी कूलर मावेल एवढा थोडा जाड डबा घ्या, कपाटात तीन सेंमी जास्त गेले तर कुणाला कळत नाही, कानाला मात्र रोज कळतं.

माझा भाचा गेल्या दिवाळीत त्याचं मशीन घेऊन आला होता. "मामा, ह्यात चार नवे पंखे घातले तरी आवाज का करतो?" चारही ८० मिमीचे, चारही मिनिटाला २००० फेऱ्यांच्या वर फिरणारे. दोन काढले, राहिलेल्या दोघांच्या जागी वरच्या जाळीला एक १२० मिमीचा लावला आणि ७५० फेऱ्यांवर ठेवला. तो म्हणाला, "बंद पडला की काय?" साधा नियम असा की पंख्याचा वेग अर्धा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, म्हणून मोठा आणि हळू पंखा नेहमीच लहान आणि जलद पंख्यापेक्षा बरा. पंखे चार पिनांचे घ्या, वेग नीट खाली येतो.

बिनपंख्याचे, नुसत्या पत्र्याच्या पातळ पट्ट्यांनी थंड होणारे डबे मिळतात, दिसायला सुरेख, पण आपल्या मे महिन्यात मी सुचवणार नाही, फारतर ३५ वॅटच्या प्रोसेसरसाठी.

तपासा: कॅबिनेटच्या आत येणाऱ्या हवेच्या तोंडावर धुता येणारी जाळी आहे का? आपली लाल माती फार बारीक, जाळी नसेल तर सहा महिन्यांत कूलरवर तांबडा थर. मागच्या कार्डाच्या रिकाम्या पट्ट्या पण बंद हव्यात. उघड्या फटीतून मुंग्या आणि पाली आत जातात आणि उबेला एसएमपीएसजवळ बसतात, हे मी दोनदा काढलंय.

५. स्टोरेज

विंडोज किंवा लिनक्ससाठी १ टीबीचा एम.२ (थेट बोर्डावरच्या खाचेत बसणारी पट्टी) एनव्हीएमई एसएसडी, एवढंच बहुतेक घरांना पुरतं. विंडोजमध्ये तो ९३१ जीबी दिसतो, दुकानदाराने फसवलेलं नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. २२८० मापाचा घ्या, म्हणजे ८० मिमी लांब, आणि शक्यतो टीएलसी चिपचा, क्यूएलसी या दुसऱ्या प्रकारच्या चिपचा मोठ्या फाइली टाकताना मध्येच हळू होतो. ५६०० जी घेतला असेल तर तो पीसीआयई ३, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या जोडणीवरच चालतो, महागडा चौथ्या पिढीचा एसएसडी लावून वेग मिळत नाही, उलट तोच जास्त तापतो. एम.२ दिसला म्हणजे एनव्हीएमईच असतो असंही नाही, साटाचा (जुन्या, हळू जोडणीचा) एम.२ पण मिळतो आणि तो लावल्यावर काही बोर्डांवर एक साटा पोर्ट बंद होतो, बोर्डाचं पुस्तक बघा.

फोटो, व्हिडिओ वर्षानुवर्षांचे असतील तर मोठी हार्डडिस्क लागते, पण ती या डब्यात घालू नका. ७२०० फेऱ्यांची डिस्क १२० हर्ट्झवर घुमते आणि पातळ पत्र्याचा छोटा डबा त्या घूंऽऽ ला तबल्यासारखा वाढवतो, पंखे कितीही शांत केले तरी रात्री हाच आवाज ऐकू येतो. बाहेरच्या यूएसबी डब्यात ठेवा, बॅकअप घेताना जोडा, झालं की काढा. काढलेली डिस्क वीज पडण्यापासूनही वाचते. आतच हवी असेल तर रबरी वॉशर लावून, स्क्रू जेमतेम आवळून. बॅकअपसाठी एसएसडी वर्षानुवर्षं कपाटात टाकून ठेवायचा नाही, वीज न मिळता तो डेटा हळूहळू सोडतो.

६. टेबलावर जोडा, डब्यात नाही

सगळं सामान आल्यावर खोके लगेच उघडून करंट देऊ नका. एसी दुकानातून किंवा एसी गाडीतून आणलेली थंड वस्तू दमट खोलीत आली की तिच्यावर दव धरतं, फ्रिजमधल्या बाटलीवर धरतं तसं. तासभर थांबा.

मग मदरबोर्डच्या खोक्यावरच बोर्ड ठेवून क्रमाने: प्रोसेसर, रॅम, एम.२, कूलर. प्रोसेसर कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून आपल्या वजनाने बसतो, दाबायचा नाही. रॅम दोन सारख्या काड्या घ्या, एक १६ पेक्षा दोन ८ बऱ्या, कारण आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि एकाच काडीवर ते खूप मागे पडतं. चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी. एम.२ च्या हीटसिंकखालच्या (उष्णता ओढणाऱ्या पत्र्याखालच्या) पॅडवरची प्लास्टिकची फिल्म काढा, कूलरच्या तळावरचीही काढा. माझ्याकडे आलेल्या मशिनींपैकी दोनांत कूलरखालची फिल्म तशीच होती, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) तिच्यावरच पसरलेली. पेस्ट वाटाण्याएवढी पुरते.

आता एसएमपीएसची २४ पिनांची आणि प्रोसेसरची ८ पिनांची वायर लावा, मॉनिटर जोडा, आणि बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडून चालू करा.

सावधान: डीडीआर५ चा बोर्ड पहिल्यांदा चालू झाल्यावर रॅम ओळखायला काही मिनिटं घेतो, स्क्रीन काळीच राहते. घाबरून बंद करू नका, दहा मिनिटं थांबा. इथे बंद-चालू करत बसल्यामुळे बोर्ड खराब समजून परत पाठवलेले लोक मला माहीत आहेत.

बायोस दिसला, रॅम पूर्ण दिसली, एसएसडी दिसला, तरच पुढे. दिसलं नाही तर दोष आत्ता शोधा, डब्यात कोंबल्यावर तोच शोधायला चौपट वेळ लागतो.

७. डब्यात बसवा

आधी मागची आय-ओ पट्टी (मागच्या पोर्टांभोवतीचा पत्रा), ती विसरली तर सगळं परत काढावं लागतं. मग बोर्ड स्क्रूवर टेकवायच्या आधी ८ पिनांची वायर लावून घ्या, छोट्या डब्यात नंतर तिथे बोट पोचत नाही. यूएसबीची जाड निळी वायर सरळ दाबा, वाकडी दाबली की बोर्डावरच्या पिना वाकतात. पॉवर बटणाची वायर उलटी चालते, लाइटची चालत नाही. वायरी पंख्याच्या पात्यांपासून दूर बांधा, झाकण लावायच्या आधी पंखा बोटाने फिरवून बघा.

८. बायोसमध्ये आवाज बसवा

अर्ध्याहून जास्त लोक ही पायरी करतच नाहीत. रॅमचा एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी सेटिंग) चालू करा. एएमडीवर ४५ वॅटचा इको मोड निवडा, घरच्या कामात फरक जाणवत नाही आणि उष्णता स्पष्ट उतरते. इंटेलवर पीएल१ आणि पीएल२ या वॅटच्या दोन्ही मर्यादा ६५ ला बांधा.

पंख्याची रेषा, म्हणजे किती तापमानाला किती वेग, अशी: ६० अंशांपर्यंत एकाच हळू वेगावर सपाट, ६० ते ८० हळूहळू चढती, ८५ ला पूर्ण. आणि वेग बदलायला ४-५ सेकंदांचा उशीर द्या. प्रोसेसरचं तापमान एक टॅब उघडला तरी क्षणात दहा अंश उडी मारतं आणि पंखा प्रत्येक उडीबरोबर वरखाली करतो, कानाला त्रास सतत आवाजापेक्षा या वरखालीचाच जास्त होतो.

लाईट परत आल्यावर मशीनने आपोआप चालू व्हायचं की नाही ही सेटिंग बंद ठेवा. लाईट चारदा जाते-येते तेव्हा चारदा चालू-बंद व्हायला नको.

९. चाचणी

झाकण लावून, मशीन जिथे ठेवणार त्याच जागी. आधी मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर, एकही चूक चालत नाही. मग दुपारच्या उकाड्यात अर्धा तास सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण राबवणारा प्रोग्राम) लूपवर आणि शेजारी तापमान दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो उघडा, प्रोसेसर ८५ च्या खाली राहिला तर छान, ९५ ला टेकत असेल तर कूलर नीट बसला नाही किंवा डब्यात हवा अडतेय. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामात एसएसडीचं तापमान ७० च्या खाली हवं. रात्री सगळे झोपल्यावर, सीलिंग फॅन बंद करून, एक मीटरवर बसून ऐका. बारीक चीं-चीं ऐकू आली तर ती पंख्याची नसते, एसएमपीएस किंवा बोर्डावरच्या कॉइलची असते, पंखे बदलून जात नाही, परत करायच्या मुदतीत बदलून घ्या. बिलं आणि प्रत्येक भागाच्या सीरियल नंबरचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

१०. पावसाळ्यातली काळजी

जून ते सप्टेंबर मशीन आठवडाभर बंद ठेवू नका, रोज अर्धा तास तरी चालवा, आतली ऊब ओल जाऊ देत नाही. कळंगुट, मिरामार, कोलव्यासारख्या समुद्राला लागून असलेल्या घरात खाऱ्या हवेने स्क्रू आणि पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर येतो, तिथे किनाऱ्याकडची खिडकी उघडी आणि तिच्याखाली कॉम्प्युटर अशी मांडणी टाळा. झाकायचं असेल तर सुती कापड, तेही बंद असतानाच, प्लास्टिकखाली ओल कोंडते.

पाऊस संपल्यावर जाळी धुवून पूर्ण वाळवून लावा, ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती गरागरा फिरून बेअरिंग जातं.

आणि वीज चमकायला लागली की नुसता प्लग काढून भागत नाही. इंटरनेट तांब्याच्या वायरीने येत असेल तर लॅनची वायरही काढा, छतावरच्या डिशची वायर टीव्हीला आणि टीव्हीची एचडीएमआय कॉम्प्युटरला जोडलेली असेल तर तीही. फोंड्यात माझ्या शेजारच्या घरी प्लग काढलेला होता, यूपीएस बंद होता, आणि बोर्ड गेला तो लॅन पोर्टमधून.